मामेबहीण सारखी थ्रो मारते. नियमच करून टाकू का?

पत्राचा सारांश: इंदूरच्या रामबाग भागातून एका 27 वर्षांच्या वाचकाचं पत्र आलं आहे. नोकरी आयटीत, खेळ स्ट्रीट फायटर 6 (दोन पात्रांच्या मारामारीचा व्हिडिओ गेम). रात्रीची जेवणं झाली की ट्रेनिंग मोडमध्ये तासभर बसतात. आठ-नऊ चालींचे काँबो (एकाला एक जोडून मारलेले फटके) हातात पक्के बसलेत. तरीही नुकतीच बारावी झालेली मामेबहीण त्यांना हरवते, आणि तेही, त्यांच्या शब्दांत, 'दोन बटणांवर': कोपऱ्यात ढकलायचं, थ्रो मारायचा (म्हणजे जवळून पकडून आपटायचं), उठलं की पुन्हा थ्रो. शनिवारी मामांच्या हॉलमध्ये सगळी भावंडं जमतात. हरेल त्याने सराफ्यात सर्वांना भुट्ट्याचा कीस खाऊ घालायचा असा रिवाज आहे, आणि हल्ली पाकीट यांचंच उघडतं. तक्रारी तीन. मेहनतीने शिकलेल्या लांब काँबोचं डॅमेज (समोरच्याची जेवढी लाइफ जाते ते) गेमच कापून टाकतो. थ्रो येणार की फटका हा निव्वळ अंदाज, म्हणजे नशीब. त्यात कौशल्य कसलं? आणि ती लहान आहे, तिचे रिफ्लेक्स ताजे आहेत. यंदा कॉलनीच्या गणेशोत्सवात या खेळाची स्पर्धा ठरली आहे आणि नियम लिहायचं काम यांच्याकडे आलं आहे. 'एका फेरीत दोनपेक्षा जास्त थ्रो नाहीत' असं कलम घालावं, की खेळच सोडून द्यावा, असं ते विचारतात. सोबत काही सामन्यांच्या क्लिप पाठवल्या आहेत. (पात्रांची नावं मुद्दाम गाळली आहेत. कोण कुठल्या पात्राने खेळतं हे त्या कॉलनीत सगळ्यांना ठाऊक असणार.)

नमस्कार,

कलमाचं आधी उरकते. घालू नका. थ्रो या खेळात ठेवलाय तो ब्लॉक धरून बसलेल्याला हलवण्यासाठी. ब्लॉक केला की फटका अडतो, ब्लॉक करणाऱ्याला थ्रो पकडतो, आणि थ्रो मारायला येणाऱ्याला वेळेवर मारलेला फटका रोखतो. या तिघांपैकी थ्रोला दोनदाच यायची परवानगी दिलीत, तर दोन थ्रो खाल्लेला खेळाडू फेरी संपेपर्यंत निर्धास्त ब्लॉक धरून बसेल. मग तुमचे ते आठ चालींचे काँबो सुरू तरी कुठून होणार? आणि एक गोष्ट स्पष्टच लिहिते. नियम लिहिणारा स्वतः स्पर्धेत उतरणार आणि नियम नेमका एकाच मुलीच्या खेळाला लागणार, हे कागद फळ्यावर लागल्या लागल्या कॉलनीला कळेल. तिला तर कागद लागायच्या आधीच.

खेळ सोडायचं मात्र एवढ्यात ठरवू नका. तुमच्या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी मला एकच समजूत दिसते: फेरी जिंकते ती सर्वांत मोठ्या काँबोने. ती जरा तपासून बघू.

डॅमेज कापलं जातं हे खरं, पण ते चोरून होत नाही. ट्रेनिंग मोडमध्ये माहिती चालू केलीत की काँबोतल्या चालीला किती टक्के उरलेत ते पडद्यावरच दिसतं. स्ट्रीट फायटर 6 चा साधारण हिशेब असा: पहिल्या दोन चाली 100 टक्के, तिसरी 80, चौथी 70, पाचवी 60, आणि तिथून दर पायरीला दहा-दहा उतरत शेवटी 10 टक्क्यांवर थांबतं. सुरुवात हलक्या फटक्याने केलीत तर कपात आणखी लवकर लागते. काँबोच्या मध्ये ड्राइव्ह रश (साठा खर्चून पुढे झेपावणं) घातलात तर पुढच्या सगळ्या चालींवर आणखी 15 टक्क्यांची कात्री. परफेक्ट पॅरीनंतर (पॅरी म्हणजे येणारा फटका झेलून परतवणं, परफेक्ट म्हणजे अगदी नेमक्या क्षणी) मारलेला काँबो तर थेट निम्म्यावर येतो.

आता कागद घ्या. सोयीसाठी प्रत्येक चालीचं मूळ डॅमेज 800 धरू. आठ चालींचे आकडे होतात 800, 800, 640, 560, 480, 400, 320, 240. बेरीज 4240. त्यातले 2800 पहिल्या चार चालींनीच दिले. उरलेल्या चारींनी मिळून 1440. या 1440 साठी तुम्ही काय मोजता ते क्लिपमध्ये दिसतं: ड्राइव्ह गेजच्या, म्हणजे खास चालींसाठी खर्चायच्या साठ्याच्या, सहाच्या सहा पट्ट्या. त्या संपल्या की बर्नआउट. मग ब्लॉक केलेल्या स्पेशल चालींनीही लाइफ झिजते, आणि कोपऱ्यात ड्राइव्ह इम्पॅक्ट (गेज खर्चून मारलेला जड फटका) ब्लॉक केला तरी तुमचं पात्र भोवळ येऊन उभं राहतं. बहुतेक पात्रांची लाइफ 10,000 असते. तिच्यातले 1440 घेण्यासाठी तुम्ही पुढचा बराच वेळ उघडे पडता, आणि नेमक्या त्याच वेळी तुमची बहीण तुम्हाला कोपऱ्यात ढकलत नेते.

चौथ्या चालीला थांबलात तर काय होतं? ती जमिनीवर, तुम्ही शेजारी, गेज शिल्लक. ती उठताना एकदा अंदाज बरोबर आला की नवा काँबो, आणि नवा काँबो पुन्हा 100 टक्क्यांपासून सुरू. आणखी 2800. अंदाज निम्म्या वेळा चुकतो असं धरलं तरी सरासरी 2800 अधिक 1400, म्हणजे 4200. आठ चालींच्या काँबोइतकंच जवळजवळ, वर पट्ट्या हातात.

कपात का ठेवली असेल? 1991 च्या स्ट्रीट फायटर 2 मध्ये एकाला एक जोडून मारता येणारे फटके बनवणाऱ्यांनी ठरवून आणलेच नव्हते. ते आपोआप निघाले, आणि त्यांनी ते राहू दिले. पुढे काँबो लांबत गेले. कपात नसती तर पहिला फटका ज्याचा लागला त्याची फेरी, आणि दुसऱ्याने कंट्रोलर मांडीवर ठेवून बघत बसायचं. टेकन या अशाच दुसऱ्या खेळातही हवेत उडवल्यानंतरच्या फटक्यांचं डॅमेज उतरत जातं. गिल्टी गियर स्ट्राइव्हमध्ये तर लाइफ कमी उरलेल्या पात्राला फटक्यांचं डॅमेजच कमी लागतं. दुसरा कुठला खेळ खेळत असाल तर आकडे बदला. पद्धत हीच लागू पडेल.

तुमचे लांब काँबो वाया गेले असं मात्र नाही. समोरच्याची उरलेली लाइफ त्या काँबोतच संपणार असेल तेव्हा खुशाल सगळं ओता, कारण मग गेज वाचवून ठेवायचं कशासाठी? सुपरला (वेगळी पट्टी भरल्यावर मारता येणारी सर्वांत जोरदार चाल) तर किमान मर्यादा आहे: पातळीप्रमाणे 30, 40 आणि 50 टक्के. तिसऱ्या पातळीचा सुपर कितीही लांब काँबोच्या शेवटी मारलात तरी मूळ डॅमेजच्या निम्म्याखाली जात नाही. शेवट करण्यासाठी लांब, एरवी आखूड, एवढी सवय लावून घ्या.

आता तुमच्या बहिणीकडे वळते. एक क्लिप मी थांबवून थांबवून पाहिली. दुसरी फेरी, तुम्ही डाव्या कोपऱ्यात. तिने थ्रो मारला, तुम्ही ब्लॉक धरून होता, बसला. उठलात, पुन्हा ब्लॉक, पुन्हा थ्रो, पुन्हा बसला. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे भिया, फिर पकड़ लिया!" आणि हॉल हसला. तिसऱ्यांदा उठताना तुम्ही तिचा थ्रो सोडवायला थ्रोची दोन्ही बटणं दाबलीत. पण ती थ्रो मारायला आलीच नव्हती. अर्धं पाऊल मागे सरकली, तुमच्या पात्राने हवेला मिठी मारली, आणि तेवढ्या वेळात तिने जड फटक्यापासून सुरू करून चार चालींचा साधा काँबो घातला. गेले 3000 च्या आसपास. पुढच्या फेरीत तंतोतंत तेच: दोनदा बसणं, तिसऱ्यांदा दाबणं. तुमची चीड कितव्या थ्रोला बाहेर पडते हे तिला पाठ झालंय. याला तुम्ही नशीब म्हणता?

थोडं गणित करू. वाण्याच्या चिठ्ठीपेक्षा अवघड नाही. तुम्ही उठताना तिच्यापुढे मुख्य मार्ग दोन: थ्रो मारणं, किंवा मागे सरकून तुमचा चुकलेला थ्रो पकडणं (याला खेळणारे शिमी म्हणतात). तुमच्यापुढेही दोन: ब्लॉक धरून बसणं, किंवा थ्रो सोडवायला बटणं दाबणं. बसलात आणि थ्रो आला, गेले 1200. दाबलंत आणि थ्रो आला, सुटलात. बसलात आणि ती सरकली, कुणाचंच काही गेलं नाही. दाबलंत आणि ती सरकली, गेले 3000. तिने थ्रोचं प्रमाण किती ठेवावं, म्हणजे तुम्ही काहीही केलंत तरी तुमचं नुकसान तेवढंच होईल? सातपैकी पाच वेळा थ्रो, दोन वेळा सरकणं. 1200 चे पाच-सप्तमांश म्हणजे सुमारे 857, आणि 3000 चे दोन-सप्तमांश म्हणजेही 857. अशा दोघांच्या खेळात मिश्रणाचं एक प्रमाण असतंच, ज्याचा फायदा समोरच्याला उठवता येत नाही, हे जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने 1928 साली सिद्ध केलं.

इथे भले भले फसतात. वाटतं, 3000 चा डाव मोठा, तर तोच जास्त वेळा खेळावा. होतं उलटं. मोठ्या डावाच्या धाकानेच समोरचा बसून राहतो, आणि बसलेल्याला थ्रो लागतो. म्हणून जास्त वेळा लहान डावच खेळायचा. तुमची बहीण सारखी थ्रो मारते यात रडीचा डाव कुठेच नाही. कागद-पेन्सिल न घेता ती जवळपास बरोबर प्रमाणात खेळतेय.

तुमच्या बाजूने तोच हिशेब असा येतो: सातपैकी दोनदाच दाबायचं, पाच वेळा गप्प बसायचं. म्हणजे थ्रो खायचे. हे तुमच्या पचनी पडणार नाही, माहीत आहे. थ्रो बसला की अपमान वाटतो, आणि 3000 चा काँबो बसला की "चांगली खेळली" असं म्हणून मोकळं होता येतं. लाइफच्या पट्टीला अपमान कळत नाही. पट्टीच्या दृष्टीने अडीच थ्रो म्हणजे तुमचं एक चुकलेलं दाबणं.

हे आकडे ढोबळ आहेत, हे लक्षात असू द्या. कोपऱ्यातल्या थ्रोनंतर ती पुन्हा तुमच्या जवळच असते, म्हणून थ्रोची खरी किंमत 1200 पेक्षा थोडी जास्त धरा. मग तुमचं दाबण्याचं प्रमाणही थोडं वाढेल. शिवाय उठताना मारायच्या अभेद्य चालीही आहेत, पण त्या ब्लॉक झाल्या तर शिक्षा सर्वांत मोठी. पॅरी धरून बसलात आणि थ्रो आला तर तोच 1200 चा थ्रो 2040 चा होतो. तुम्ही एका क्लिपमध्ये घाबरून हेच केलं आहे; ते आधी बंद करा.

आणि आता तुमची पहिली तक्रार दुसऱ्या तक्रारीला कशी जोडली आहे ते बघा. हे प्रमाण ठरतं ते कपातीनंतर हातात पडणाऱ्या डॅमेजवर. शिमीनंतर तिने हलक्या फटक्याने सुरुवात केली आणि 2000 च मिळाले, तर थ्रोचं योग्य प्रमाण आठपैकी पाचवर उतरतं. तुमची लाइफ 1200 किंवा त्याहून कमी उरली असेल, तर थ्रोनेही फेरी संपते आणि काँबोनेही. मग मोठा-लहान हा भेदच राहत नाही आणि प्रमाण येतं निम्मं-निम्मं. म्हणजे फेरीच्या शेवटी तुम्ही आधीपेक्षा जास्त वेळा दाबायला हवं. क्लिपमध्ये तुम्ही बरोबर उलटं करता: सुरुवातीला चिडून दाबता, शेवटी धास्तावून बसता.

रिफ्लेक्सचं दोन ओळींत सांगते. हा खेळ सेकंदाला 60 फ्रेमने चालतो. थ्रो पकडतो 5 व्या फ्रेमला, म्हणजे सेकंदाच्या बाराव्या हिश्शात. डोळ्याने पाहून बोट हलवायला माणसाला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो, मग तो बारावीतला असो की आयटीतला. थ्रो बघून कोणीच सोडवत नाही. तिचं जे चाललंय ते ओळखणं आहे, चपळाई नाही. सप्टेंबर 2023 मध्ये हांगझोउच्या आशियाई खेळांत स्ट्रीट फायटर 5 चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी जिंकलं तेव्हा ते 44 वर्षांचे होते. तुम्हाला अजून बराच अवकाश आहे.

तुम्ही हल्ला करता तेव्हाचं एक राहिलं. पत्रात म्हणता, "मीही मिक्सअप करतो, आलटून पालटून." तेच चुकतंय. थ्रो, फटका, थ्रो, फटका असं आलटून पालटून आलं की पुढचं काय ते तिला तुमच्याआधी कळतं. माणसाला मनाने 'वाटेल ते' निवडायला सांगितलं की तो गरजेपेक्षा जास्त वेळा अदलाबदल करतो. सलग तीनदा तेच करायला मन धजत नाही. यावर एक सोपी युक्ती आहे. पडद्यावर वर फेरीचं घड्याळ 99 पासून उतरत असतं. ती पडली की त्यातला एककाचा आकडा बघा: 0 ते 6 असेल तर थ्रो, 7 ते 9 असेल तर मागे सरका. झालं तुमचं 70-30. तिची लाइफ 1200 खाली गेली की सम आकड्याला थ्रो, विषमाला सरकणं. घड्याळ तिलाही दिसतं, पण तुमचा नियम तिला ठाऊक नाही. (हा मजकूर ती वाचत असेल तर आकडे बदलून घ्या.)

ही युक्ती बरोबरीच्या किंवा वरचढ खेळाडूसाठी. समोरच्याची सवय उघड दिसत असेल तर घड्याळ बघू नका, सवय पकडा. कोणी प्रत्येक वेळी उठताना बटणं बडवत असेल, तर त्याला 70-30 ने खेळणं म्हणजे हातचं सोडणं. पाच-सहा वेळा सलग मागे सरका आणि मारा.

सरावासाठी रात्रीचा तो तास असाच वापरा. ट्रेनिंग मोडमध्ये पुतळ्याला चाली रेकॉर्ड करून देता येतात आणि त्यातली कुठलीही एक मनाने खेळायला लावता येते. कोपऱ्यात तुम्ही उठताय अशी स्थिती लावा, पाच रेकॉर्डिंग थ्रोची भरा आणि दोन मागे सरकून मारण्याची. मग बसून राहायला शिका. पहिले काही दिवस कंटाळा येईल, कारण यात दिसायला सुंदर असं काही नाही. काँबोच्या सरावात बोटं तयार होतात. इथे थ्रो खाऊनही बोट न हलवणं तयार करायचं आहे. तुम्हाला कमी पडतंय ते तेच.

ती मॉडर्न कंट्रोलवर (बटणांच्या सोप्या पद्धतीवर) खेळते अशी एक ओळ तुम्ही पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिली आहे. एका बटणावर मारलेल्या स्पेशल चालीचं डॅमेज गेम आधीच 80 टक्क्यांवर आणतो. तेवढ्या सोयीची किंमत ती भरतेय. शिवाय थ्रो दोन्ही कंट्रोलवर सारखाच. तो मुद्दा सोडा.

बहिणीशी बोलण्याचं कसं? पत्रात म्हणता, शनिवारी हल्ली काहीतरी कारण काढून टाळता. ती तुम्हाला दादा म्हणते, लहानपणी कंट्रोलर तुम्हीच तिच्या हातात दिलात. त्यामुळे बोच जास्त, हे समजतं. पण तिच्यासारखा मास्तर कॉलनीत दुसरा नाही. एक क्लिप घेऊन तिच्याशेजारी बसा आणि एवढंच विचारा: "तिसऱ्या वेळी तू मागे का सरकलीस? काय दिसलं तुला?" उत्तर बहुधा गमतीशीर असेल. कदाचित तुम्ही दाबायच्या आधी खुर्चीत पुढे सरकत असाल. शेजारी बसून खेळताना समोरच्याच्या अंगावरूनही पुष्कळ कळतं, आणि घरातल्या माणसाला तर जास्तच.

स्पर्धेच्या कागदाचं काम दुसऱ्या कोणाकडे द्या, कॅरम-बुद्धिबळ सांभाळणाऱ्या काकांकडे दिलं तरी चालेल. त्यांना एवढं सांगा. एका पराभवात कोणी बाहेर जाऊ नये, नाहीतर लहान मुलं पहिल्या दिवशीच घरी जातात. दोन पराभवांची पद्धत ठेवा. अंतिम सामना पाचपैकी तीन. मंडपातल्या मोठ्या प्रोजेक्टरवर चित्र उशिरा उमटतं, तेव्हा तो प्रेक्षकांसाठी ठेवा आणि खेळणाऱ्यांना मॉनिटर द्या. टीव्हीच वापरणार असाल तर त्याचा गेम मोड चालू आहे ना ते आधी बघा. कंट्रोलर ज्याने त्याने आपला आणावा, पण वायरवाला, कारण गर्दीत दहा ब्लूटूथ एकमेकांना चिकटतात. आणि खेळताना चुकून पॉज दाबला तर ती फेरी समोरच्याला, हे ठळक अक्षरात लिहायला सांगा. थ्रोवरून होतात त्यापेक्षा जास्त भांडणं यावरून होतात.